रंकाळा : देवळाने मागे ठेवलेली खण

कोल्हापूर, प्रतिनिधी

करवीरनिवासिनी अंबाबाईच्या मंदिरात रोज हजारो भाविक येतात. काळ्या पाषाणाचे खांब, भिंतींवरील मूर्ती, एकावर एक रचलेले घडीव थर पाहून ते थक्क होतात आणि दर्शन घेऊन परततात. महाद्वारातून बाहेर पडल्यावर ताराबाई रोडने रंकाळवेशीपर्यंत आणि तेथून पुढे तलावापर्यंत चालत गेले, तर अर्धा तासही लागत नाही. तिथे भेळ खाल्ली जाते, वारा खाल्ला जातो, शालिनी पॅलेसमागे मावळणारा सूर्य पाहिला जातो. पण आपण नुकतेच पाहिलेले मंदिर आणि समोर पसरलेले हे पाणी यांचे काही नाते असावे, असे फार थोड्यांच्या मनात येते. कोल्हापूरची जुनी परंपरा मात्र हे नाते ठामपणे सांगते. रंकाळा ही मुळात दगडाची खण होती आणि अंबाबाईच्या मंदिराचा दगड याच खणीतून निघाला, असे ही परंपरा मानते. पुढे आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास झालेल्या भूकंपाने खणीचा तळ फाटला, जमिनीतील झरे मोकळे झाले आणि खणीचे तळे बनले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

ही कथा केवळ दंतकथा म्हणून बाजूला सारण्यासारखी नाही. प्रत्येक मोठ्या दगडी वास्तूमागे जमिनीत कुठेतरी तेवढीच पोकळी असते. वास्तू उभी राहते, तिचे नाव होते, तिच्यावर ग्रंथ लिहिले जातात. पोकळी मात्र विस्मरणात जाते. वास्तू दीर्घकाळ टिकवायची असेल, तर ही पोकळीही माहीत असावी लागते. जगातील एका शहराने हे कसे जपले आणि कोल्हापूरसारख्या शहराला त्यातून काय घेता येईल, हे समजून घेणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

शब्द ग्रीसचा, दगड सह्याद्रीचा

‘संगमरवर’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत ‘संग’ म्हणजे दगड, तर ‘मर्मर’चे मूळ ‘मार्मारोस’ या ग्रीक शब्दाकडे नेले जाते. शब्द इथवर पोहोचला, पण तो दगड महाराष्ट्राच्या बहुतेक भागात निसर्गाने दिलेला नाही. चुनखडीचे थर भूगर्भात प्रचंड दाब आणि उष्णता यांखाली सापडले, की त्यांचे स्फटिकीभवन होऊन संगमरवर तयार होतो. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग मात्र लाव्हारसाच्या थरांनी झाकलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहत आलेला हा लाव्हा थरावर थर साचून थंड झाला आणि त्यातून बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण तयार झाला. सह्याद्रीचे कडे, पन्हाळा आणि जोतिबाचे डोंगर, शेतातील खडक ही सारी त्याचीच रूपे आहेत. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील उंच सड्यांवर याच खडकाची झीज होऊन जांभा आणि बॉक्साइट तयार झाले.

या दोन दगडांचे स्वभावही भिन्न आहेत. संगमरवर मऊ असतो. त्यातील कॅल्साइट या खनिजाची कठीणता मोहस मापनश्रेणीत 3 भरते, त्यामुळे पोलादी छिन्नीपुढे तो नमतो. बेसाल्टमधील खनिजांची कठीणता सहाच्या आसपास जाते. संगमरवराचा एक घनमीटर ठोकळा सुमारे 2,700 किलोचा, तर घट्ट बेसाल्टचा सुमारे 2,900 किलोचा भरतो. अडीच मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद व जाड अशी काळ्या दगडाची एक तुळई घेतली, तरी तिचे वजन पावणेदोन टनांच्या वर जाते. यंत्रे नसलेल्या काळात अशा शेकडो तुळया आणि खांब खणीतून काढून, घडवून, उचलून जागेवर बसवले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे मंदिराकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

अथेन्सचा डोंगर

ग्रीसची राजधानी अथेन्स हिच्या ईशान्येस सुमारे 16 किलोमीटरवर पेंटेलिकॉन नावाचा डोंगर आहे. त्याची उंची सुमारे 1,100 मीटर. इसवी सन पूर्व 447 मध्ये पेरिक्लीजच्या पुढाकाराने अथेन्सच्या टेकडीवर अथीना देवीचे मंदिर, म्हणजेच पार्थेनॉन बांधण्यास सुरुवात झाली. पंधरा वर्षांत, इसवी सन पूर्व 432 पर्यंत, त्यावरील शिल्पकामही पूर्ण झाले. यासाठी लागलेला संगमरवर पेंटेलिकॉनच्या उतारावरून आला. इक्टिनोस आणि कॅलिक्रेटीज हे या मंदिराचे वास्तुकार, तर शिल्पकामाची धुरा फिडियासकडे होती.

विशेष म्हणजे या बांधकामाचा जमाखर्च दगडी फलकांवर कोरून सर्वांसमोर ठेवण्यात आला होता. त्याचे तुकडे आजही उपलब्ध आहेत. डोंगरावर दगड काढणाऱ्यांना, तो गाड्यांवर चढवणाऱ्यांना आणि शहरापर्यंत वाहून आणणाऱ्यांना दिलेल्या रकमांच्या नोंदी त्यांत आहेत. देवीच्या मंदिराच्या हिशेबात खाणीतील मजुराला जागा मिळाली, ही गोष्ट लहान नाही.

दगड काढण्याची पद्धत साधी, पण कष्टाची होती. खडकातील नैसर्गिक भेगा हेरून ठोकळ्याच्या चारी बाजूंना चर खोदायचे, खालच्या बाजूस ओळीने खाचा पाडून त्यांत पाचरा ठोकायच्या आणि ठोकळा मोकळा करायचा. डोंगरावरून खाली येण्यासाठी दगडी फरसबंदीची उतरंड बांधलेली होती. ठोकळा लाकडी घसरगाडीवर ठेवून, दोर खुंटांना गुंडाळून तो हळूहळू खाली सोडला जाई. सपाटीवर आल्यावर बैलगाड्या त्याला शहराकडे नेत. दोर तुटला तर ठोकळाही जाई आणि माणसेही.

पेंटेलिकॉनच्या दगडात लोहाचा सूक्ष्म अंश असतो. उन्हापावसात त्याचा हलका गंज चढतो आणि पांढऱ्या संगमरवराला मधासारखी छटा येते. पार्थेनॉनच्या खांबांचा तो प्रसिद्ध सोनेरी रंग म्हणजे त्या डोंगराचीच ओळख आहे. याच डोंगराच्या जुन्या खाणीत एक मोठी गुहा उघडी पडली. पुढे तिच्या तोंडाशी ख्रिस्ती प्रार्थनास्थळे उभी राहिली. एका देवीसाठी खोदलेली जागा दुसऱ्या श्रद्धेचे स्थान बनली.

करवीरची खण

पार्थेनॉनप्रमाणे अंबाबाईच्या मंदिराचा जमाखर्च आपल्या हाती नाही. मंदिराच्या मूळ बांधणीचा काळ साधारणतः चालुक्यांच्या राजवटीत, म्हणजे सातव्या शतकाच्या आसपास सांगितला जातो. पुढे शिलाहारांच्या काळात त्याचा मोठा विस्तार झाला. कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या शिलालेखांत स्वतःला महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभलेले म्हणवत. संघर्षाच्या काळात लपवून ठेवलेल्या मूर्तीची 1715 मध्ये विजयादशमीला पुन्हा प्रतिष्ठापना झाली. आज दिसणारी शिखरे विटा आणि चुन्याची असून ती नंतरच्या काळातील आहेत. खालचे काळे दगडी शरीर मात्र जुने आहे.

या शरीराची बांधणी चुन्याविना, दगडावर दगड बसवून झालेली आहे. अशा बांधणीला आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो. वास्तविक ज्या हेमाद्री पंडितावरून हे नाव पडले, तो तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. मंदिराची मूळ बांधणी त्याच्या कित्येक पिढ्या आधीची. अशा कोरड्या बांधकामात दगडाचे वजन हेच सिमेंट असते. खाच आणि कूस एकमेकांत बसवून, पृष्ठभाग घासून एकजीव करून दगड बसवले जातात. त्यासाठी एकाच जातीचा, भेगा नसलेला आणि सारख्या पोताचा दगड लागतो. तो जितक्या जवळ मिळेल तितके बरे. मंदिरापासून जवळच, सपाट वाटेवर अशी खण असणे ही म्हणूनच अत्यंत स्वाभाविक गोष्ट ठरते. अथेन्सकरांना डोंगर उतरावा लागला, करवीरकरांना खण चढावी लागली, एवढाच फरक.

खणीचे तळे कसे झाले, याचे भूकंपाव्यतिरिक्तही साधे स्पष्टीकरण देता येते. बेसाल्टचा घट्ट थर पाणी सहसा मुरू देत नाही. पण त्यातील उभ्या-आडव्या सांध्यांतून आणि दोन लाव्हा थरांमधील सच्छिद्र पट्ट्यांतून पाणी वाहत असते. खोदकाम अशा पट्ट्याला भिडले, की खण पाझरू लागते. काम सुरू असेपर्यंत पाणी उपसले जाते आणि काम थांबले की खण भरते. दख्खनमधील बहुतेक सोडून दिलेल्या खणी अशाच भरलेल्या दिसतात. कोल्हापुरी बोलीत ‘खण’ म्हटले, की आधी पाणीच डोळ्यांसमोर येते ते यामुळेच. अंबाबाईच्या ओटीत जातो तो खण निराळा आणि ही खण निराळी. तरी देवीच्या वाट्याला दोन्ही आल्या, असे म्हणता येईल.

खणीभोवती श्रद्धाही गोळा झाल्या. रंकभैरवाचे मंदिर तलावाच्या पोटात असून त्यावरूनच तलावाला नाव मिळाले, असे मानले जाते. पाणी उतरले की संध्यामठाची दगडी वास्तू पूर्ण उघडी पडते. काठावरचा नंदी रोज गव्हाएवढा पुढे आणि तांदळाएवढा मागे सरकतो, तो पाण्याला टेकला की प्रलय होईल, ही गोष्ट कोल्हापुरात लहान मुलालाही ठाऊक असते. दगड काढून झाल्यावर उरलेल्या खड्ड्याला समाजाने देव, कथा आणि नाव दिले आणि त्याला टाकाऊ होऊ दिले नाही.

काळ्या दगडाचे शहर

मंदिराने सुरू केलेली ही परंपरा शहराने पुढे चालवली. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार 1877 ते 1884 या काळात उभा राहिलेला नवा राजवाडा घडीव काळ्या दगडाचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेले राधानगरी धरणही दगडी बांधकामाचे. पन्हाळ्याच्या तीन दरवाजाच्या पायात शिसे ओतल्याचे सांगितले जाते. रंकाळ्याच्या काठावर 1931 ते 1934 या काळात बांधलेल्या शालिनी पॅलेसमध्ये मात्र काळ्या दगडाच्या जोडीला इटालियन संगमरवर आला. ज्या खणीने शहराला पाषाण दिला, तिच्याच काठावर सातासमुद्रापलीकडचा शुभ्र दगड येऊन बसला.

या सगळ्या वास्तूंमागे वडार, बेलदार आणि पाथरवट समाजांच्या पिढ्यांचे श्रम आहेत. घण, पहार, पाचर, टाकी आणि छिन्नी ही त्यांची हत्यारे. खडकावर घणाचा आवाज ऐकून आत भेग आहे की नाही, हे सांगणारे कारागीर असत. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण सहज म्हणतो. ते घाव घालणाऱ्या हातांची नावे मात्र कोणत्याही भिंतीवर कोरलेली नाहीत. यंत्रयुगात सुरुंग, ब्रेकर आणि क्रशर आले. आता खाणीतून निघणारा बहुतांश दगड खडी होऊन रस्त्यात आणि काँक्रीटमध्ये जातो. अखंड शिळा काढणे आणि डोंगर फोडून खडी करणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत. पहिल्यात दगड वाचवायचा असतो, तर दुसऱ्यात तो फोडायचा असतो.

दुरुस्तीच्या वेळी खाण आठवते

अथेन्सने आपला डोंगर का जपला, याचे उत्तर पार्थेनॉनच्या दुरुस्तीत आहे. व्हेनिसच्या सैन्याने 1687 मध्ये केलेल्या तोफमाऱ्यात पार्थेनॉनमध्ये साठवलेली तुर्कांची दारू पेटली आणि मंदिराचा मधला भाग उडाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची डागडुजी झाली, तेव्हा ठोकळे जोडण्यासाठी लोखंडी पट्ट्या वापरण्यात आल्या. प्राचीन ग्रीक कारागीर अशा पट्ट्यांभोवती शिसे ओतत. त्यामुळे लोखंडाला हवा-पाणी लागत नसे. नव्या डागडुजीत ही काळजी घेतली गेली नाही. लोखंड गंजले, फुगले आणि त्याने अडीच हजार वर्षे टिकलेला संगमरवर आतून तडकवला. दुरुस्तीनेच वास्तूला इजा झाली.

ही चूक निस्तरण्यासाठी 1975 मध्ये तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. गंजलेले लोखंड काढून त्या जागी टायटॅनियम बसवणे, विखुरलेले तुकडे ओळखून मूळ जागी लावणे आणि जिथे तुकडाच उरला नाही तिथे नवा दगड घडवणे, अशी या कामाची दिशा आहे. हा नवा दगड पेंटेलिकॉनच्याच उत्तर उतारावरील दिओनिसोस येथील खाणींतून येतो. मूळ आणि नव्या दगडाचा पोत, वजन आणि उष्णतेने प्रसरण पावण्याचा गुण सारखा असतो. त्यामुळे दोघांत ताण निर्माण होत नाही. अथेन्सला आपला डोंगर माहीत नसता किंवा तो संपून गेला असता, तर ही दुरुस्ती अशी झालीच नसती.

महाराष्ट्रातील जुन्या देवळांचे दुखणे नेमके इथे आहे. गेल्या अर्धशतकात अनेक ठिकाणी भक्तिभावानेच काळ्या दगडावर ऑइलपेंट फासला गेला, जुन्या फरशीवर संगमरवर किंवा चकचकीत टाइल्स बसल्या आणि कोरड्या सांध्यांत सिमेंट भरले गेले. हेतू चांगला असतो, परिणाम मात्र वाईट होतो. चुन्याविना रचलेली भिंत श्वास घेत असते. दगडात शिरलेला ओलावा सांध्यांतून बाहेर पडतो. सिमेंट आणि रंग ही वाट बंद करतात. मग ओलावा क्षार घेऊन दगडाच्या पृष्ठभागामागे साचतो आणि पापुद्रे सुटू लागतात. संगमरवराची फरशी काळ्या पाषाणाला शोभा देते असे वाटले, तरी तिच्याखाली काय साचते आहे, हे कोणाला दिसत नाही.

परंपरेची कसोटी

रंकाळ्याचा दगड मंदिरात आहे का, हा प्रश्न श्रद्धेवर सोडण्याची गरज नाही. दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आणि त्यातील मूलद्रव्यांचे अल्प प्रमाण मोजून कोणता बेसाल्ट कोणत्या लाव्हा थरातील, हे बऱ्याच अंशी ठरवता येते. ग्रीसमध्ये कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून एखादा पुतळा पेंटेलिकॉनच्या दगडाचा की पारोस बेटावरच्या, हे सांगितले जाते. मंदिराच्या दुरुस्तीत निघणारे सुटे तुकडे आणि तलावकाठचा उघडा खडक यांची अशी तुलना झाली, तर भविष्यात दगड बदलण्याची वेळ आल्यास तो कुठून आणायचा, याचे उत्तर हाती राहील. शहरात विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. हा विषय त्यांच्या अंगणातलाच आहे.

दुसरा प्रश्न खणींचा आहे. रंकाळ्यात वर्षानुवर्षे नाल्यांचे सांडपाणी मिसळत गेले. केंदाळ आणि शेवाळाने तलाव हिरवा पडला. त्याविरुद्ध नागरिकांनी आंदोलने केली आणि केंद्राच्या सरोवर संवर्धन योजनेतून निधीही आला. रंकाळ्याशेजारची इराणी खण आता गणेश विसर्जनासाठी वापरली जाते. पंचगंगा नदी प्रदूषणापासून वाचावी, म्हणून शहराने मनोभावे स्वीकारलेला हा बदल आहे. येथेही उपयोगी पडली ती एक जुनी खणच. मात्र शहराबाहेरच्या किती खणी कचऱ्याने भरत आहेत आणि कठडा नसलेल्या किती खणींत पोहायला गेलेली मुले जीव गमावतात, याचाही विचार व्हायला हवा. काम संपल्यावर खाण बुजवणे, तिला कुंपण घालणे किंवा जलसाठा म्हणून तिचा वापर करणे ही जबाबदारी दगड नेणाऱ्याची आहे. ती टाळली गेली, तर किंमत आसपासच्या गावाला मोजावी लागते.

मंदिर घडवणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या खणीचे रंकाळ्यासारखे वैभव झाले. आज आपण डोंगर फोडून जी खडी नेत आहोत, तिच्या मागे उरणाऱ्या खड्ड्यांचे पुढच्या पिढ्या काय म्हणून दर्शन घेतील, हे आपल्याच हातात आहे. अंबाबाईचे दर्शन घेऊन रंकाळ्यावर जाणाऱ्याने काठावरच्या काळ्या खडकावर क्षणभर हात ठेवावा. परंपरा खरी असेल, तर मंदिरातील खांब आणि हा खडक एकाच शिळेचे दोन भाग आहेत. एकाला आपण देवत्व दिले. दुसऱ्याला निदान स्वच्छ पाणी द्यायला हवे.